गोठ्याच्या स्लरीचं तळं मुरमात पाझरतंय, मातीचं अस्तर नक्की कसं करायचं?

मुक्तगोठा | १४ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आता गळ्याशी आलंय म्हणून लिहितोय. संगमनेर तालुक्यात आमचा मुक्त संचार गोठा आहे, लहानमोठी धरून ५२ एचएफ (होल्स्टीन) गायी. शेण, मूत आणि धुतल्याचं पाणी मिळून रोजची पाच हजार लिटरच्या आसपास स्लरी निघते. मागच्या एप्रिलमध्ये गोठ्यामागं २० बाय १५ मीटरचं, ३ मीटर खोल तळं काढलं. पोकलेनवाला म्हणाला प्लास्टिकचा खर्च कशाला करता, तुमच्याच रानातली काळी माती फूटभर पसरून देतो, थेंब जाणार नाही. पसरली, बकेटनं थोपटली, वरून ट्रॅक्टर फिरवला, झालं. मग महिनाभर तळं उन्हात रिकामं. जूनमध्ये स्लरी सोडायला गेलो तर तळाला अशा भेगा की माझा हात कोपरापर्यंत आत. म्हटलं भिजल्यावर मिटतील. वरून मिटल्या खऱ्या, पण रोज पाच हजार लिटर सोडतोय आणि पातळी काही वाढायचं नाव घेईना. लोक म्हणाले वा, तुमचं तळं कधी भरतच नाही!

खालच्या अंगाला ७० मीटरवर चुलतभावाची विहीर आहे. दिवाळीपासून पाण्याला वास यायला लागला, मोटार चालू केली की फेस. पाणी तपासलं तर नायट्रेट ११२. दादा भांडला नाही, फक्त बोलणं बंद केलंय, आणि ते भांडणापेक्षा वाईट.

आता हे तळं मोडून नीट करायचंय. प्लास्टिक की माती? आणि मातीचं करायचं तर फुटाचं की दोन फुटाचं? नेमकं सांगा, "तज्ज्ञांना विचारा" नको.

तिरकस | १४ मे, रात्री १०:०५

बायोगॅस बसवा, प्रश्न मिटला. 

मुक्तगोठा | १४ मे, रात्री १०:१८

@तिरकस आहे बसवलेला, २५ घनमीटरचा. आत जेवढं जातं तेवढंच बाहेर येतं की भाऊ, गॅस तेवढा निघून जातो. ती स्लरी ठेवायची कुठं हाच तर धागा आहे.

शेततळंवाला | १४ मे, रात्री १०:३१

माझा धंदाच प्लास्टिकचा, त्यामुळं मी काय सांगणार ते माहितीच आहे तुम्हाला. ५०० मायक्रॉनचा कागद टाका, दोन दिवसांत काम संपतं, शेततळी हजारो झालीत अशी. पण खरं बोलायचं तर स्लरीच्या तळ्यात माझ्याच दोन कामांना त्रास झाला. एका ठिकाणी ढवळायच्या पंपानं कागद फाटला. दुसरीकडं कागदाखाली आधीची शेणाची माती होती, ती कुजून गॅस धरला आणि मधोमध म्हशीच्या पाठीएवढा फुगा वर आला. तेव्हापासून मी खालची जुनी माती पूर्ण काढल्याशिवाय आणि गॅस जायला वाट दिल्याशिवाय स्लरीचं काम घेत नाही.

पाझरतलाव | १५ मे, सकाळी ६:५०

मी पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो, तीस वर्षं मातीच्या बांधांवर गेली. तुमची पोस्ट वाचून हसू आलं, राग मानू नका. आम्ही पाझर तलाव मुद्दाम मुरमात करायचो, पाणी मुरावं म्हणून. तुम्ही न सांगता उत्तम पाझर तलाव केलाय, फक्त शेणाचा.

आधी चार प्रश्न. बाजूचा उतार किती आहे? तळ्याच्या तळाखाली काय लागलंय? पावसाळ्यात विहिरीची पातळी किती वर येते? आणि माती टाकताना ओली होती की कोरडी?

मुक्तगोठा | १५ मे, सकाळी ७:३०

साहेब उतार जवळजवळ उभाच, मीटरला मीटर. वर साडेतीन फूट काळी माती, मग चुनखडीचा पांढरा थर, मग मुरूम, आणि तळाला मांजऱ्या खडक लागलाय. पाणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जमिनीपासून पाच-सहा मीटरवर. माती एप्रिलमधली, म्हणजे कोरडी ठाक, ढेकळंच.

पाझरतलाव | १५ मे, सकाळी ८:१५

म्हणजे चारपैकी तीन गोष्टी चुकल्या.

काळ्या मातीचं नाव झालंय की ती पाणी धरते. पण पाणी धरते ती कसलेली माती, नुसती पसरलेली नाही. आम्ही धरणाच्या पोटात काळ्या मातीचा गाभा घालायचो, त्याला हार्टिंग म्हणतात, आणि दोन्ही अंगांनी मुरमाचं केसिंग. गाभा कधी उघडा ठेवला नाही. का? कारण ही माती सुकली की आकसते. गाभ्याला मुरमाचं पांघरूण असतं म्हणून तो आयुष्यभर ओलसर राहतो. तुमचा गाभा मे महिन्यात उघडा पडला.

आता ढेकळाचं. कोरडं ढेकूळ कितीही दाबलं तरी ते ढेकूळच राहतं, दोन ढेकळांच्या मधून वाट असते. एखाद्या घमेल्यात लाडू रचून ठेवा आणि वरून पाणी ओता, लाडवातून पाणी जात नाही, लाडवांच्या मधून जातं. ती वाट मोडायची तर माती वाफशापेक्षा जरा जास्त ओली पाहिजे आणि रोलरनं ती मळली गेली पाहिजे, कणकेसारखी. प्रॉक्टर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं १९३३ मध्ये दाखवून दिलं की प्रत्येक मातीला एक ठराविक ओल असते, त्या ओलीला ती सगळ्यात घट्ट बसते. रस्तेवाले त्याच ओलीला किंवा थोडं कोरडं दाबतात, त्यांना ताकद हवी असते. आपल्याला पाझर थांबवायचाय, तर आपण त्या ओलीच्या दोन टक्के वर दाबायचं. आकडा जवळपास सारखा, काम उलट.

उतार मीटरला मीटर असेल तर रोलर चढणारच नाही. म्हणून तुमच्या बाजूच्या भिंतींवर माती नुसती चिकटवलेली आहे, पहिल्या पावसात ती खाली आली असणार. बरोबर?

मुक्तगोठा | १५ मे, सकाळी ८:२२

बरोबर. पूर्वेची बाजू पूर्ण खाली आली.

विस्कॉन्सिनचा_पाटील | १५ मे, सकाळी ९:०५

मूळ गाव राहुरी, सध्या विस्कॉन्सिन, इथं गायी माणसांपेक्षा महत्त्वाच्या आहेत. इथल्या थंडीत गोठलेल्या जमिनीवर स्लरी टाकणं घातक असतं म्हणून महिनोन्‌महिने साठवावी लागते, त्यामुळं तळी मोठी आणि नियम कडक. अमेरिकेच्या कृषी खात्याची एनआरसीएस म्हणून शाखा आहे, त्यांची मातीच्या अस्तराची पद्धत सांगतो, तुमच्या "फूट की दोन फूट" चं उत्तर त्यात आहे.

आधी हे डोक्यातून काढा की अस्तर म्हणजे बूच. माती थोडी तरी पाझरतेच. प्रश्न एवढाच की किती चालेल. त्यांनी जुन्या हिशोबात धरलेला आकडा एकराला दिवसाला ५००० गॅलन, आपल्या भाषेत पातळी दिवसाला ४.७ मिलिमीटर उतरेल एवढा पाझर, गुंठ्याला सुमारे पावणेपाचशे लिटर. ऐकायला भयंकर वाटतं, पण शेणातला चोथा, बारीक कण आणि जिवाणूंची बुरशीसारखी साय मातीची भोकं बुजवत जातात आणि पाझर साधारण दहाव्या हिश्शावर येतो असं धरलेलं आहे. गायीच्या शेणात तंतू जास्त म्हणून ते डुकराच्या विष्ठेपेक्षा लवकर बुजवतं. मात्र मातीत चिकण कण हवेत, निव्वळ वाळूत ही जादू होत नाही. आणि बऱ्याच राज्यांनी यापेक्षा कमी पाझराची अट घातली आहे, तेव्हा ४.७ हा कमाल समजा.

सूत्र दार्सीचं, १८५६ सालचं: पाझर = मातीचा पाझरगुणांक (तिच्यातून पाणी किती वेगानं जातं तो आकडा) × (पाण्याची खोली + अस्तराची जाडी) ÷ अस्तराची जाडी. त्यावरून जाडी काढता येते. समजा ३ मीटर खोली. मातीचा गुणांक सेकंदाला दहाचा उणे सहावा घात सेंमी असेल तर ४.७ मिमीच्या आत राहायला ६८ सेंमी अस्तर लागतं. गुणांक निम्मा झाला, म्हणजे माती जरा बरी दाबली, की ३० सेंमीतच भागतं. आणि आणखी पाचपट चांगला म्हणजे दहाचा उणे सातवा घात झाला तर गणितानं ६ सेंमी पुरतं! पण ६ सेंमी कोणी बांधू शकत नाही, म्हणून १६ फूट खोलीपर्यंत किमान एक फूट असा नियम आहे.

आता बघा, जाडी दुप्पट केली की पाझर जेमतेम निम्मा होतो. दाबणं सुधारलं की दहापट, शंभरपट फरक पडतो. त्यामुळं दोन फूट ढेकळांपेक्षा दीड फूट मळलेली माती घ्या. पैसे मातीवर नाही, रोलरवर आणि पाण्याच्या टँकरवर घाला.

शेततळंवाला | १५ मे, सकाळी ९:४०

हे वाचून माझा धंदा बसणार वाटतं 😀 

रानवेडी | १५ मे, दुपारी १:१०

मी सांगली भागात पाणी-माती तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. दादांच्या विहिरीबद्दल दोन शब्द. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि त्यात सवलत नाही. घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि वरचं दूध त्या पाण्यात करत असतील तर आजपासून बंद करायला सांगा. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून वाढतं. बोलणं बंद असलं तरी हा निरोप पोचवाच.

दुसरं म्हणजे ११२ सगळं तुमचंच असेल असं नाही. युरियाचं पण येतं. तळ्याच्या वरच्या अंगाची एखादी विहीर आणि दादांची, दोन्हींचं क्लोराइड, ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप), ई-कोलाय (शेणातले जिवाणू) एकाच दिवशी तपासा, मग समजेल.

तिसरं, जे कोणी सांगत नाही. भरलेल्या तळ्याखाली हवा नसते, तिथं नत्र अमोनियम रूपात असतं आणि चिकणमातीच्या कणांना धरून बसतं, फारसं हलत नाही. वापरातलं तळं उन्हाळ्यात रिकामं केलं की भेगा पडतात, हवा आत जाते, त्या साठलेल्या अमोनियमचं नायट्रेट होतं आणि पुढच्या स्लरीबरोबर धुऊन खाली. म्हणजे दर वर्षी तळं खडखडीत कोरडं करणं ही सगळ्यात वाईट सवय.

मुक्तगोठा | १५ मे, दुपारी २:००

निरोप पोचवला. वहिनीच्या लेकीला चार महिन्यांचं बाळ आहे, माहेरी आलीय बाळंतपणाला. आता जारचं पाणी मी देतोय रोज. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं हे.

माळवदावरचा | १५ मे, रात्री ८:३०

विषय वेगळा पण सांगतो. आमचं सोलापूरकडं धाब्याचं घर होतं. दर उन्हाळ्यात आजोबा माळवदावर खारी माती टाकायचे, गावाबाहेरच्या ठराविक जागेवरूनच आणायचे, तिथं गवतसुद्धा उगवायचं नाही. काळी माती घराशेजारी पडलेली असताना ती बैलगाडी भरून कशाला आणायची असं मला लहानपणी वाटायचं. काळीनं माळवद गळायचं आणि खारीनं नाही. याचं काही शास्त्र आहे का?

रानवेडी | १५ मे, रात्री ९:१५

@माळवदावरचा विषय वेगळा नाहीये, हाच विषय आहे!!

आमच्या शिरोळ-मिरज पट्ट्यात चोपण जमिनी आहेत. शेतकरी रडतो की पाणी मुरतच नाही, वर तळं साचतं. कारण त्या मातीत सोडियम जास्त. सोडियममुळं मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, पाण्यात दुधासारखे पसरतात आणि सगळी बारीक भोकं बुजवून टाकतात. त्यावर आपण जिप्सम टाकतो, म्हणजे कॅल्शियम देतो, मग कण पुन्हा गुच्छ करून बसतात, माती भुसभुशीत होते, पाणी मुरायला लागतं.

आता धागाकर्त्याची माती बघा, चुनखडीच्या थरावरची काळी, कॅल्शियमनं भरलेली. शेतीला उत्तम, तळ्याला वाईट, कारण तिचे कण आधीच गुच्छ करून बसलेत. शेताला जे औषध ते तळ्याला विष, आणि शेताला जे विष ते तळ्याला औषध. आजोबांनी हे लॅबशिवाय ओळखलं होतं.

घरी करून बघा. काचेच्या ग्लासात बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या, नळाचं नको, त्यात क्षार असतात. मातीचा हरभऱ्याएवढा खडा हळूच सोडा, ढवळू नका, तासभर बघा.

मुक्तगोठा | १६ मे, सकाळी ७:१०

केलं. तीन ग्लास मांडले किचनच्या ओट्यावर, बायको म्हणाली हे काय नवीन. रानातल्या काळ्या मातीचा खडा पाच मिनिटांत फुटला, खाली छोटा ढीग झाला, पण पाणी एकदम स्वच्छ. विहिरीच्या गाळाचा तसाच. तिसऱ्यात नदीकाठच्या एका पडीक पट्ट्यातली माती होती, तिथं उन्हाळ्यात पांढरं फुलतं. त्या खड्याच्या भोवती आधी धुकं आल्यासारखं झालं आणि अर्ध्या तासात ग्लासाचा तळ दिसेना, पातळ ताकासारखं. फोटो टाकायचा प्रयत्न केला, चढत नाहीये.

विस्कॉन्सिनचा_पाटील | १६ मे, सकाळी ९:२०

झकास. एनआरसीएसची पद्धत पण हेच सांगते, कॅल्शियमची गुच्छाळ माती असेल तर सोडा ॲश मिसळा, कपडे धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, खायचा सोडा नव्हे. १५ सेंमीच्या थराला चौरस मीटरमागं अर्धा ते एक किलो असा अंदाज असतो, पण नेमकं प्रमाण लॅबमध्ये पाझर तपासूनच. माती रेताड असती तर बेंटोनाइट सांगितलं असतं, ते कच्छमधून येतं, पण घेताना सोडियमवालं आहे का बघा, कॅल्शियमवालं स्वस्त असतं आणि फारसं फुगत नाही. तुमच्याकडं चिकण कण भरपूर आहेत, बेंटोनाइटची गरज नाही.

पाझरतलाव | १६ मे, सकाळी १०:००

थांबा, एक धोक्याची घंटा. पाण्यात विरघळल्यासारखी पसरणारी माती बांधात घातली आणि बाजूला उघडी फट असली तर ती माती त्या फटीतून वाहून जाते, आधी सुईएवढं भोक, मग बोगदा. असे बांध मी डोळ्यांनी फुटताना पाहिलेत. तुमच्या तळाला मांजऱ्या आहे, त्यात सांधे आणि पोकळ्या असतात. तेव्हा सोडा घातलेली माती थेट खडकावर नको. आधी उघडे सांधे साफ करून चिकण मातीचा घट्ट लगदा ठासा, मग बारीक मुरूम-मातीचा एक थर दाबा, त्यावर अस्तर.

माझं मत असं, दोन टोकं सोडा. निव्वळ काळी माती नको, ती फार फुगते-आकसते आणि रोलरला चिकटते. प्लास्टिसिटी इंडेक्स (माती किती चिकट-लवचीक आहे तो आकडा) तिशीच्या वर गेला की मातीबरोबर कुस्ती करावी लागते. काळीत नदीकाठचा पोयटा मिसळून इंडेक्स वीस-पंचविसावर आणा. नमुने जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात द्या, आयएस २७२० या माती-चाचणीच्या भारतीय मानकाप्रमाणे लिक्विड-प्लास्टिक लिमिट (त्यावरूनच इंडेक्स निघतो), प्रॉक्टर आणि पाझर तपासणी करून देतात. पाझराचा नमुना दोन टक्के जास्त ओलीवर दाबूनच करा असं लिहून द्या, नाहीतर ते सवयीनं कोरडा करतील.

आणि तळ्याचा आकार बदला. उतार तीनाला एक, म्हणजे मीटरभर खोलीला तीन मीटर आडवं. २० बाय १५ मध्ये ३ मीटर खोल आणि तीनाला एक बसतच नाही, करून बघा, तळ उणे निघतो.

मुक्तगोठा | १६ मे, रात्री ११:०५

खरंच उणे निघतो की 😀 कागदावर काढलं. मग आता वरून ३० बाय २४, खोली अडीच मीटर, तळ १५ बाय ९. स्लरी दोन मीटरपर्यंतच भरायची, वरचं अर्धा मीटर मोकळं. अस्तराची जागा हिशोबानं साडेसातशे चौरस मीटर निघते, दीड फुटाला दाबलेली १२० ब्रास, सैल धरली तर दीडशे ब्रास माती. जागा जास्त जाते, डाळिंबाची एक ओळ काढावी लागेल. पण खोली कमी झाल्यानं मांजऱ्यापासून अर्धा मीटर वर राहतोय.

तिरकस | १७ मे, सकाळी ८:४०

दीडशे ब्रास म्हणजे गौण खनिजाची परवानगी बघा आधी, नाहीतर तलाठी येईल पाहुणा म्हणून. आणि गोठ्यांसाठी केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०२१ च्या सूचना आहेत, चुलतभावानं तक्रार करायची ठरवली तर माती-प्लास्टिक कुणी विचारणार नाही. 

मुक्तगोठा | २ जून, रात्री ९:००

लॅबचा रिपोर्ट आला. निव्वळ काळीचा इंडेक्स ३८. दोन भाग काळी आणि एक भाग पोयटा केल्यावर २४. मिश्रणाचा गुणांक दहाचा उणे सातवा घात गुणिले ३. पाटील साहेबांच्या सूत्रात घातलं: दोन मीटर स्लरी, ४५ सेंमी अस्तर, दिवसाला १.४ मिमी येतंय. म्हणजे सोड्याशिवायच त्या ४.७ च्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत. मी सोडा घालणार नाही असं ठरवलंय, पाझरतलाव साहेबांनी बोगद्याची भीती घातली तेव्हापासून झोप उडालीय.

पाझरतलाव | २ जून, रात्री ९:३०

बरोबर निर्णय. जे साध्या मातीनं होतंय तिथं औषध कशाला. आता पावसाच्या तोंडावर सुरू करू नका. दसऱ्यानंतर जमिनीत ओल असते, तेव्हा माती भिजवायचा निम्मा खर्च वाचतो.

मुक्तगोठा | २१ डिसेंबर, रात्री १०:१५

मंडळी काम झालं, जरा सविस्तर लिहितो कारण यात जे शिकलो ते कुठं लिहिलेलं सापडलं नाही.

जुनी भेगाळलेली माती सगळी उपसून शेतात पसरली, शेणाची खत झालेली होतीच. उघड्या मांजऱ्यात तीन मोठे सांधे सापडले, एकात तर आख्खी पहार गेली. तिथनंच जात असणार सगळं. ते चिखलाच्या गोळ्यांनी ठासून बुजवले, मग सगळा खड्डा मातीमिश्रित बारीक मुरमानं दाबत नव्या तळापर्यंत वर आणला.

माती तळ्याबाहेर पसरून रोटाव्हेटर मारला, टँकरनं पाणी, पुन्हा रोटाव्हेटर, मग ताडपत्रीखाली दोन रात्री. ही दोन रात्रींची गोष्ट कुणी टाळू नका. पहिल्या दिवशी ढेकूळ फोडलं तर वरून ओलं आणि आत कोरडं पांढरं, तिसऱ्या दिवशी आतपर्यंत एकसारखं काळं. ओल बघायला साहेबांनी फोनवर युक्ती सांगितली, तळहातावर वळी करायची, उदबत्तीच्या काडीपेक्षा जरा जाड, तीन मिलिमीटरची. त्या जाडीला तुटायला लागली तर कोरडी आहे, पाणी मारा. न तुटता वळली आणि हाताला चिखल लागला नाही तर चालू द्या. मजुरांतली एक मावशी शेवया करणारी, तिला एकदाच दाखवलं, नंतर सगळे तिलाच विचारायचे, झाली का गं माती.

रोलर मिळायला आठ दिवस गेले. सगळे गुळगुळीत ड्रमचा देतात, आपल्याला खुंट्यांचा पॅडफूट हवा. शेवटी रस्त्याच्या कामावरचा दोन दिवस भाड्यानं आणला. सैल २२-२३ सेंमी पसरायची आणि दाबून १५ करायची, असे तीन थर. पहिल्या फेरीला खुंट्या पूर्ण रुततात, सहाव्या फेरीला वर चालायला लागतात. ड्रायव्हर दुसऱ्या फेरीलाच म्हणायचा झालं मालक. प्रत्येक थराच्या आधी खालचा थर खरवडून ओला केला, नाहीतर पापुद्रे राहतात. कॉलेजची दोन पोरं सँड रिप्लेसमेंट (माती किती घट्ट बसली ते मोजायची चाचणी) करायला आली होती, सात ठिकाणी प्रॉक्टरच्या घट्टपणाच्या ९५ टक्क्यांच्या वर, एका ठिकाणी ९१ आलं, ईशान्येच्या कोपऱ्यात, जिथं रोलर वळत होता. तो कोपरा उपसून पुन्हा केला. ड्रायव्हर चिडला.

वरून ताबडतोब फूटभर मुरूम, उन्हाला अस्तर दिसूच नये म्हणून. पाइप जिथं पडतो तिथं काँक्रीटचा ओटा, धारेनं खड्डा पडू नये म्हणून. आणि संध्याकाळी पाचला मुरूम संपला, सातला स्लरी सोडली, एक रात्रसुद्धा मोकळं ठेवलं नाही.

विस्कॉन्सिनचा_पाटील | २२ डिसेंबर, सकाळी ७:५०

वाचून मजा आली, विशेषतः शेवयावाल्या मावशी. आता पाझर मोजा. चार दिवस आवक बंद ठेवा, तळ्यात एक बादली अर्धी भरून तरंगती बांधा, स्लरीनेच भरा. बादलीत उतरलं ते बाष्पीभवन, तळ्यात उतरलं ते बाष्पीभवन अधिक पाझर. वजाबाकी करा.

एक अजून. इथं केवॉनी काउंटीत उथळ माती आणि खाली तडे गेलेला डोलोमाइट खडक, तुमच्या मांजऱ्याचाच भाऊबंद समजा, आणि तिथल्या घरगुती विहिरी दूषित झाल्याचं प्रकरण फार गाजलं. तिथं तळ्यांइतकाच, किंबहुना जास्त, प्रश्न शेतात टाकलेल्या स्लरीचा होता. २०१८ मध्ये त्या खडकावरच्या जमिनींसाठी राज्याला वेगळे नियम करावे लागले. तळं छान केलंत, पण त्यातली स्लरी दादांच्या विहिरीच्या वरच्या बांधाला एकदम पंधरा टँकर ओतलीत तर पुन्हा तेच.

मुक्तगोठा | २७ डिसेंबर, रात्री ८:२०

मोजलं. चार रात्रींत बादली ११ मिमी, तळं १७ मिमी. म्हणजे दिवसाला दीड मिमी. कागदावर १.४ होतं! मी तर पेढे वाटणार होतो, बायको म्हणाली शेणाचं तळं गळत नाही म्हणून पेढे वाटलेत असं कुणाला सांगू नका.

शेततळंवाला | २७ डिसेंबर, रात्री ८:४५

अभिनंदन भाऊ. खर्च किती आला ते पण टाका, गिऱ्हाइकाला खरं सांगायला बरं पडेल.

मुक्तगोठा | १९ मार्च, रात्री ९:३०

@शेततळंवाला प्लास्टिकच्या तुमच्या दरापेक्षा थोडं जास्तच गेलं, लपवत नाही. माती घरची होती तरी. रोलर आणि टँकरनं खाल्लं.

बाकी खबर. परवा पुन्हा बादली लावली, आता फरक दिवसाला अर्धा मिमीच्या आत आहे, साय धरली असणार. दादांच्या विहिरीचं नायट्रेट ११२ वरून ९४ झालंय, वरच्या विहिरीत ३८ आहे. रानवेडी ताई म्हणतात आधी खाली गेलेलं निघायला दोन-तीन पावसाळे लागतील. दादा अजून फार बोलत नाही, पण काल त्याच्या उसाला स्लरीचे दोन टँकर पाठव म्हणून पोराकडून निरोप आला. दोनच पाठवले, पंधरा नाही.

उपसताना तळाला दोन फूट स्लरी कायम ठेवतोय, अस्तर सुकू नये म्हणून. एकच नवीन डोकेदुखी, वरच्या काठाला, जिथं मुरूम ओलसर राहतो, तिथं खेकड्यांनी बिळं करायला सुरुवात केलीय. दोन बिळांत काठी घातली तर हातभर आत गेली, अस्तरापर्यंत पोचली की नाही कळत नाही. कुणाकडं उपाय असेल तर सांगा. बिळात चुना ओता असं गावात सगळेच म्हणतात, तेवढं सोडून सांगा, चुना म्हणजे कॅल्शियमच, तो का नको ते आता मलाही कळतं.